औषधी वनस्पती आणि जमिनीतलं जादा झिंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची औषधी रोपांची रोपवाटिका आहे. अश्वगंधा, शतावरी, तुळस, ब्राह्मी, थोडी सफेद मुसळी. मृगापासून दिवाळीपर्यंत फोनवर पिवळ्या पानांचे फोटो येत राहतात आणि फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "भाऊ, झिंक टाकू का?" त्या एका ओळीतून फुटलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झिंक म्हणजे जस्तच ना? झाडाला ते लागतं कशाला?

हो, तेच. दुकानात झिंक, घरात जस्त, वैद्यांकडे यशद. झाडाला ते अगदी थोडं लागतं, पण त्यावाचून चालत नाही. पेशीतली कितीतरी विकरं (एन्झाइम) जस्ताच्या आधारावर काम करतात. शेंडा वाढवणारं ऑक्सिन हे संप्रेरक तयार व्हायलाही जस्त लागतं. म्हणून ते कमी पडलं की पानं बारीक राहतात, दोन पेरांतलं अंतर कमी होतं आणि शेंड्याला पानांचा गुच्छ होतो.

२. लागतंच आहे, तर थोडं जास्त झाल्यानं काय बिघडतं?

पहिला मार मुळीला बसतो. मुळीच्या टोकाशी नव्या पेशी तयार होतात ती जागा जस्तानं आखडते. मुळी लांबायची थांबते, जाड आणि तपकिरी होते, केसमुळं कमी होतात. आपण ज्याला "पांढरी मुळी चालत नाही" म्हणतो, नेमकी तीच अवस्था. वर पानावर काही दिसायच्या आधी खाली हे होऊन गेलेलं असतं.

दुसरा मार लोहाच्या वाटेवर. मुळीत लोह आत घेणारी जी फाटकं असतात, त्यांतली काही जस्तालाही आत सोडतात. बाहेर जस्ताची गर्दी झाली की लोह मागे राहतं. आत गेल्यावरही लोह शेंड्यापर्यंत पोचवण्यात अडथळा येतो. म्हणून झाड लोह नसल्यासारखं दिसतं: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. मातीत लोह असतं, झाडाला मिळत नाही.

तिसरा मार पानाच्या आतल्या कारखान्यावर. हवेतला कार्बन पकडणाऱ्या विकराला मॅग्नेशियम लागतं आणि पाणी फोडून प्राणवायू सोडणाऱ्या यंत्रणेला मँगेनीज. जादा जस्त या दोन्ही ठिकाणी घुसून मूळ धातूची जागा बळकावतं. प्रकाश पडत राहतो, पण त्याचा वापर होत नाही. ती न वापरलेली ऊर्जा पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी द्रव्यं तयार करते आणि पेशीची आवरणं खराब होतात. जस्त स्वतः लोहा-तांब्यासारखं इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत नाही. ही जळजळ ते आडवाटेनं घडवून आणतं.

झाड मुकाट्यानं सोसत नाही. जादा जस्त ते पेशीतल्या रसाच्या पोकळीत कोंडतं, सायट्रेट-मॅलेटसारख्या आम्लांना किंवा खास प्रथिनांना बांधून ठेवतं, बरंचसं मुळीतच अडवतं. या सगळ्याला अन्न लागतं. ते अन्न वाढीतून कापलं जातं, म्हणून झाड मेलं नाही तरी बसून राहतं.

३. किती म्हणजे जास्त?

पानाचा हिशोब सगळ्यात भरवशाचा. वाळलेल्या पानात किलोला १५ ते २० मिलीग्रॅमच्या खाली जस्त असेल तर बहुतेक पिकांत कमतरता. ३०० च्या वर गेलं तर विषबाधेची शक्यता. काही नाजूक पिकं १०० च्या आसपासच कुरकुरायला लागतात.

मातीचा एकच आकडा सांगता येत नाही, कारण मातीत एकूण किती आहे यापेक्षा झाडाला मिळेल असं किती आहे हे महत्त्वाचं. युरोपात सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्यासाठी १९८६ सालापासून जी मर्यादा आहे, ती मातीत एकूण जस्त किलोला १५० ते ३०० मिलीग्रॅम अशी आहे. तीही सामू (मातीचा पीएच) ६ ते ७ असलेल्या जमिनीसाठी. आपला सामू वेगळा. का ते पुढच्या प्रश्नात.

४. आपल्या खान्देशातल्या काळ्या जमिनीत हा त्रास खरंच होतो का?

उघड्या शेतात क्वचितच. आपली जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, भारी, चुनखडीची. सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. अशा मातीत जस्त चुन्याला आणि चिकणमातीला चिकटून बसतं. ठोकताळा असा की सामू एकानं वाढला की मातीच्या पाण्यातलं विरघळलेलं जस्त साधारण शंभरपटीनं कमी होतं. त्यामुळे तापी-गिरणाकाठच्या काळ्या रानात तक्रार असते ती बहुधा कमतरतेची.

सातपुड्याच्या उतारावरच्या हलक्या, मुरमाड, चुना कमी असलेल्या जमिनी वेगळ्या. तिथे तेवढंच जस्त अधिक मोकळं राहतं. आणि कुंडी, पिशवी, ट्रे ही तर वेगळीच दुनिया आहे (प्रश्न ६).

म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो: रोप रानात आहे का पिशवीत? उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

५. मी दरवर्षी एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकतो. जमीन बिघडेल का?

हिशोब मांडू या. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. साध्या स्फटिकी झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के, म्हणजे १० किलोत २.१ किलो. ते ९ लाख किलो मातीत मिसळलं की किलोला सव्वादोन-अडीच मिलीग्रॅमची वाढ. मातीत एकूण ३०० मिलीग्रॅमची भर घालायची तर एकरी जवळजवळ १३०० किलो लागेल, म्हणजे ५० किलोच्या २६ गोण्या. तेव्हा सरळ विषबाधेची भीती नको.

पण दरवर्षी टाकायचं कारणही नाही. एकदा दिलेल्या मात्रेचा असर दोन-तीन पिकांपर्यंत राहतो. माती न तपासता सवयीनं टाकलेलं जस्त हा फुकटचा खर्च आहे. त्यात लोह आधीच अडलेल्या चुनखडीच्या जमिनीत ते लोहाची अडचण आणखी वाढवतं. सामू साडेआठच्या रानात शेंडा पिवळा दिसला की बहुतेक वेळा मागणी लोहाची असते आणि आपण झिंक टाकून मोकळे होतो.

मोनोहायड्रेट झिंक सल्फेट असेल तर त्यात जस्त ३३ टक्के असतं. मात्रा त्या मानानं कमी घ्या. गोणीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय मोजू नका.

६. मग पिशवीतली आणि कुंडीतली रोपं का मरतात?

कारण तिथे ९ लाख किलो माती नसते. दहा किलोच्या कुंडीत एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम झिंक सल्फेट टाकलं तर किलोला १०५ मिलीग्रॅम जस्त वाढलं. प्रश्न ५ मधल्या शेताच्या मात्रेच्या पंचेचाळीसपट. घरच्या कुंडीतल्या तुळशीला "थोडंसं खत" म्हणून हा चमचा किती हात टाकतात, ते मी फोनवर रोज ऐकतो.

त्यात मिश्रण कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) असेल तर सामू साडेपाच-सहाच्या आसपास. चुना नाही, चिकणमाती नाही. जस्त मोकळं.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. शेडवर नवा जस्ताचा पत्रा टाकला त्या पावसाळ्यात पत्र्याच्या कडेखाली तुळशीच्या पिशव्यांच्या दोन रांगा ठेवल्या होत्या, पागोळीचं पाणी आपोआप मिळेल म्हणून. तीन आठवड्यांत त्याच दोन रांगा पिवळ्या पडल्या. बाकीची तुळस हिरवीगार. मी कमतरता समजून पिशवीला चिमूट-चिमूट झिंक सल्फेट दिलं, आठवड्यानं पुन्हा दिलं. दहा दिवसांत रांगा गेल्या. पिशवी फाडून पाहिली तेव्हा मुळ्यांचं जाळं नव्हतंच. आखूड, तपकिरी, बोथट टोकांची मुळी मातीच्या मधोमध गोळा होऊन बसली होती. नव्या पत्र्यावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यात लिटरला काही मिलीग्रॅम जस्त असू शकतं. आधीच जस्त पिणाऱ्या रोपांना मी आणखी जस्त पाजलं. ती दोनशे रोपं माझ्या हातानं गेली, म्हणून हे पान इतकं लांब लिहितो आहे.

तेव्हापासून पागोळीखाली रोप ठेवत नाही. जस्ताच्या पत्र्याचे ट्रे, जुन्या जस्ताच्या बादल्या, कापलेले पत्र्याचे डबे यांत रोपं लावत नाही. शेडनेटच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपावरून दव ठिबकतं तिथली जागाही मोकळी सोडतो.

७. कमतरतेचा पिवळेपणा आणि जास्तीचा पिवळेपणा, फरक ओळखायचा कसा?

नुसत्या फोटोवरून नाही ओळखता येत, मलाही नाही. तरी अंदाज बांधायला काही खुणा आहेत.

जस्त कमी असेल तर पान लहान होतं, कधी अरुंद आणि वाकडं; पेरं जवळ येतात; पिवळेपणात गंजासारखे ठिपके दिसतात. मुळी मात्र बरी असते. जस्त जास्त असेल तर पानाचा आकार फार बिघडत नाही, कोवळं पान शिरांमध्ये फिकट होतं, कधी पानाखाली किंवा देठावर जांभळट झाक येते कारण स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) बिनसतं, आणि मुळी खराब असते.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. अर्धा टक्का फेरस सल्फेटचं पाणी करा, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर बोळ्यानं लावा. आठवड्यात तो अर्धा भाग हिरवा झाला तर लोह कमी पडतंय हे नक्की. ते चुन्यामुळे का जस्तामुळे, हे ती परीक्षा सांगत नाही. त्यासाठी मुळी बघा (प्रश्न ८) आणि पान किंवा माती तपासा (प्रश्न ९).

८. मुळी बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

परवा धुळ्याकडच्या एका आबांनी फोनवर सांगितलं, "भाऊ, मुया काया पडी ग्यात." मुळ्या काळ्या पडण्याची कारणं दोन-तीन असतात, म्हणून नीट बघावं लागतं.

रोप उपटू नका, मातीच्या गोळ्यासकट काढा आणि बादलीत बुडवून माती सुटू द्या. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात मुळी पसरा. जस्ताच्या जास्तीत मुळी आखूड, टणक, टोकं बोथट आणि फाटे कमी. दाबली तर घट्ट लागते, वास येत नाही. पाणी साचून कुजलेली मुळी मऊ असते, साल हातात निघून येते आणि घाण वास येतो. तो बुरशीचा विषय आहे. सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक कृमी) लागलेल्या मुळीला गाठी असतात. अश्वगंधेत आणि तुळशीत सूत्रकृमी आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतो, तेव्हा गाठी शोधल्याशिवाय दुसरा निष्कर्ष काढू नका.

९. माती तपासायला कशी द्यायची? कार्डावरचा आकडा वाचायचा कसा?

शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. सगळ्यांना माहीत असलेली ही रीत. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी एक गोष्ट जास्तीची: जस्ताची बादली, गंजकं घमेलं, जस्ताचा पत्रा कुठेही वापरायचा नाही. प्लास्टिकचं घमेलं आणि लाकडी काडी घ्या. पत्र्याच्या घमेल्यात कालवलेल्या मातीनं आकडा फुगलेला मी पाहिला आहे.

प्रयोगशाळा डीटीपीए नावाच्या द्रावणानं झाडाला मिळण्याजोगं जस्त काढते. मृदा आरोग्य कार्डावरही तोच आकडा असतो, पीपीएममध्ये (म्हणजे किलोला मिलीग्रॅम). ०.६ च्या खाली कमतरता धरतात. ही खालची रेषा. वरची रेषा कार्डावर मिळणार नाही. मी स्वतः असं करतो: २ च्या वर असेल तर झिंक देत नाही, ५ च्या वर असेल तर ते कुठून येतंय हे शोधतो (प्रश्न १०). जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रांत आणि पालच्या केंद्रात विचारलं की तपासणीची सोय कळते.

कोकोपीटच्या मिश्रणाला ही मातीची रेषा लावू नका. तिथे पान तपासा.

१०. जादा जस्त शेतात येतं तरी कुठून?

कोंबडखत हा मोठा रस्ता. कोंबड्यांच्या खाद्यात जस्त मिसळतात आणि बरंचसं विष्ठेतून बाहेर पडतं. शेणखतात त्या मानानं पुष्कळ कमी. शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट हा दुसरा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोला १००० मिलीग्रॅमपर्यंत जस्त चालतं. एकरी ४ टन टाकलं आणि खत त्या मर्यादेवर असलं तर ४ किलो जस्त गेलं, म्हणजे झिंक सल्फेटच्या जवळजवळ दोन मात्रा. रानाला ते सोसतं. त्याच खतात रोपवाटिकेची पिशवी अर्धी भरली तर सोसत नाही.

शहराच्या नाल्याचं पाणी उचलणाऱ्यांनी पाणी तपासूनच घ्यावं. सिंचनाच्या पाण्यात लिटरला २ मिलीग्रॅम ही जस्ताची सर्वमान्य मर्यादा आहे. शिवाय मँकोझेब या बुरशीनाशकात जस्त असतं. एखाद-दुसऱ्या फवारणीनं काही होत नाही, पण बंद शेडमध्ये त्याच पिशव्यांवर आठवड्याला फवारत राहिलं तर साठतं. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, म्हणून टायर जाळलेल्या जागेची राख मिश्रणात घेऊ नका. टायरमध्ये झाडं लावायची हौसही औषधी रोपांपुरती सोडा.

११. पांढरीची माती टाकली त्या पट्ट्यात रोपं वेगळी दिसतात. तिथेही झिंकच का?

असू शकतं. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, हाडं त्यात मुरलेली असतात आणि अशा वस्तीच्या मातीत स्फुरद आणि जस्त आजूबाजूच्या रानापेक्षा जास्त सापडतं. पण तिच्यात चुनाही भरपूर असतो, त्यामुळे जस्त बांधलेलं राहतं. बहुतेक वेळा तिथला पिवळेपणा चुना आणि स्फुरदामुळे अडलेल्या लोहाचा निघतो. त्या पट्ट्याचा नमुना वेगळा द्या, शेताच्या नमुन्यात मिसळू नका.

१२. कोणत्या औषधी पिकाला जास्त जपावं लागतं?

ज्याची मुळी विकायची त्याला. अश्वगंधा सरळ, लांब, न फाटलेल्या मुळीवर विकली जाते. सफेद मुसळीचा भाव जाडीवर ठरतो. शतावरीचंही तसंच. जस्ताचा पहिला मार मुळीवर (प्रश्न २), म्हणजे थेट मालावर. पाला विकणाऱ्या पिकाला तेवढाच मार बसला तरी एखादी कापणी निघून जाते.

ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांची गोष्ट निराळी. या ओल्या जागी वाढतात आणि पाण्यातले धातू ओढून अंगात साठवतात. ब्राह्मी तर दूषित पाणी साफ करायला वापरता येईल का, हे पाहायला अभ्यासली जाते. म्हणजे झाड टवटवीत दिसेल आणि आत धातू असतील. नाल्याकाठी आपोआप आलेली ब्राह्मी औषधासाठी काढू नका, विकू तर अजिबात नका.

वाळाही असाच कणखर. जड धातूंच्या जमिनीत तो तग धरतो, कारण बरेच धातू तो मुळीत अडवतो आणि पानाकडे कमी जाऊ देतो. झाडाच्या दृष्टीनं उत्तम युक्ती. पण औषधात आणि पाण्याच्या माठात आपण नेमकी मुळीच घालतो. खराब जमीन सुधारायला वाळा लावा, तो वाळा विकायला काढू नका.

१३. ताण दिला की औषधी गुण वाढतात म्हणतात. मग थोडं जास्त झिंक चांगलंच की?

यात अर्धं खरं आहे. ताणाखाली झाड फिनॉलसारखी बचावाची द्रव्यं जास्त बनवतं आणि त्यांतली काही आपल्या कामाची असतात. पण माल किलोवर विकला जातो. समजा मुळीतलं द्रव्य २० टक्क्यांनी वाढलं आणि मुळीचं वजन निम्मं झालं. एकरी मिळणारं द्रव्य पहिल्याच्या ६० टक्क्यांवर आलं. कमतरता असलेल्या जमिनीत योग्य मात्रा दिली तर वजन आणि गुण दोन्ही सुधारतात. त्यापुढे ढकलून ताण द्यायचा विचार सोडा. जस्ताचा ताण पाण्याच्या ताणासारखा सोडवता येत नाही. पाणी दिलं की तो संपतो, जस्त मातीत बसून राहतं.

१४. तुळस, पुदिना, गवती चहा यांचं तेल काढतो. तेलात झिंक उतरतं का?

वाफेवर काढलेल्या तेलात धातू जवळजवळ येत नाहीत, कारण ते वाफेबरोबर उडत नाहीत. बल्गेरियात प्लोव्दिव्ह शहराजवळ धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या आसपास लव्हेंडर आणि पुदिना लावून हे पाहिलं गेलं आहे. कारखान्याला लागून असलेल्या रानात उत्पादन घटलं, तेल मात्र वापरण्याजोगं निघालं. पाला वाळवून चहात किंवा चूर्णात जाणार असेल तर हे लागू नाही. आणि तेल काढून उरलेल्या चोथ्यात सगळे धातू असतात. तो संशयित शेतातला असेल तर त्याचं गांडूळखत करून परत रोपवाटिकेत आणू नका.

१५. खरेदीदार जड धातूंचा अहवाल मागतो. त्यात झिंकची मर्यादा किती?

आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मर्यादा चार धातूंना आहेत: शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. जस्त त्यात नाही. म्हणून काही जण निर्धास्त होतात. तसं होऊ नका, कारण निसर्गात जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबतच असतं आणि हलक्या दर्जाच्या झिंक खतातून ते शेतात येऊ शकतं. ०.३ ही फार बारीक मर्यादा आहे. जस्त जास्त असलेल्या जमिनीचा माल विकण्याआधी कॅडमियम तपासून घ्या.

१६. जादा झिंकची मुळी खाणाऱ्याला त्रास होईल का? यशद भस्म तर औषध म्हणून देतात.

मुळीत किलोला ३०० मिलीग्रॅम जस्त आहे असं धरा. रोज ५ ग्रॅम चूर्ण घेतलं तर पोटात दीड मिलीग्रॅम गेलं. प्रौढ माणसाची रोजची गरजच १३ ते १७ मिलीग्रॅम आहे. जस्ताच्या बाबतीत खाणाऱ्याच्या आधी झाड आजारी पडतं, आणि ते एका अर्थी आपलं संरक्षण आहे. कॅडमियमच्या बाबतीत हे संरक्षण नाही. झाड हिरवंगार राहतं आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात ते वर्षानुवर्षं साठतं.

यशद भस्म ही शोधन-मारणाच्या संस्कारातून गेलेली, वैद्यानं मात्रा ठरवून द्यायची गोष्ट. शेतातल्या मुळीशी तिचा संबंध जोडू नका.

१७. जमिनीतलं जादा झिंक कमी कसं करायचं?

काढून टाकता येत नाही, बांधून ठेवता येतं. आधी ते येण्याचा रस्ता बंद करा (प्रश्न १०). मग चांगलं कुजलेलं शेणखत द्या. सेंद्रिय पदार्थ जस्त धरून ठेवतो. मायकोरायझा (मुळीवर वाढणारी उपयोगी बुरशी) हीही कामाची आहे: जस्त कमी असताना ती पिकाला मिळवून देते आणि जास्त असताना बरंचसं आपल्याकडे अडवते. जादा जस्त वरच्या थरातच असेल तर एक खोल नांगरट करून ते खालच्या मातीत मिसळता येतं.

पिकाला तात्पुरता आधार म्हणून फेरस सल्फेट अर्धा टक्का, त्यात पाव टक्का चुन्याची निवळी घालून संध्याकाळी फवारा. जमिनीतून लोह द्यायचं तर चुनखडीच्या रानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (सेंद्रिय द्रव्यात गुंतवलेलं) लोह टिकतं.

पिशवीतल्या रोपांना हे काहीही करत बसू नका. मिश्रण बदला.

१८. चुना टाकला तर जस्त बसतं म्हणतात. टाकू का?

कोकणातल्या आंबट जमिनीला तो सल्ला योग्य आहे. आपल्या काळ्या रानात चुना आधीच आहे. आणखी टाकलात तर लोह आणि स्फुरद दोन्ही अडतील आणि पिवळेपणा वाढेल. सामू साडेसहाच्या खाली निघाला तरच विचार करा, आणि तसा तो खान्देशात मुख्यतः कोकोपीटच्या मिश्रणातच निघेल.

१९. चिलेटेड झिंक सुरक्षित असतं ना?

बारा टक्क्यांचं ईडीटीए झिंक चुन्याला लवकर चिकटत नाही, हाच त्याचा गुण. म्हणूनच त्याची मात्रा ग्रॅममध्ये असते, किलोत नाही. झिंक सल्फेट एकरी दहा किलो, म्हणून हेही दहा किलो, असा हिशोब कुणी करू नये. आणि जिथे जस्त आधीच जास्त आहे तिथे रिकामं ईडीटीए किंवा ईडीटीएचं लोह मातीतून दिलं तर ते बांधलेलं जस्त उलट सोडवतं.

२०. झिंक विरघळवणारे जिवाणू वापरले तर जस्त वाढेल का?

नाही. ते जमिनीतलं आहे तेच मोकळं करतात, बाहेरून आणत नाहीत. प्रश्न ९ च्या तपासणीत आकडा २ च्या वर असेल तर वापरायची गरज नाही, एवढंच.

२१. झिंक फवारलं आणि दुसऱ्या दिवशी पानं करपली. ही विषबाधा का?

ही पानावरची भाजणी. झिंक सल्फेटचं पाणी आंबट असतं. निवळी न घालता, दुपारच्या उन्हात फवारलं की कडा करपतात. मुळी सुरक्षित असते आणि नवं पान चांगलं येतं. काही करू नका.

२२. झिंक टाकूनही फरक नाही. माल खोटा असेल का?

असतो कधी कधी. झिंक सल्फेटमध्ये स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळतात, दिसायला सारखंच. थोडं पाण्यात विरघळवून त्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी घाला. पांढरा, खळीसारखा साका येतो. मग सोड्याचं दाट पाणी घाला. साका विरघळला तर झिंक, तसाच राहिला तर मॅग्नेशियम. हातमोजे घालूनच करा, सोडा कातडी जाळतो.

२३. पिशवीतली रोपं वाचतील का? किती दिवस वाट बघू?

शेंडा जिवंत असेल आणि मुळीला एक तरी पांढरं टोक दिसत असेल तर प्रयत्न करा. जुनं मिश्रण पाण्यात सोडवून काढा, तपकिरी मुळी कात्रीनं छाटा, शेताची काळी माती दोन भाग, वाळू एक भाग आणि जुनं शेणखत एक भाग अशा मिश्रणात लावा. सावलीत ठेवा, पंधरा दिवस कसलंही खत देऊ नका. जुनी पिवळी पानं हिरवी होण्याची वाट बघू नका, नव्या पानाकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे वाचलेल्या तुळशींना नवी पांढरी मुळी तिसऱ्या आठवड्यात दिसली. महिनाभरात नवं पान हिरवं आलं नाही तर ते रोप टाका आणि त्याची माती दुसऱ्या पिशवीत घेऊ नका.